१३ मे २०२३ : त्र्यंबकेश्वरच्या उत्तर दरवाजावरील वाद
गुलाबशाह वली बाबांच्या उरुसाची संदल मिरवणूक त्या रात्री त्र्यंबकेश्वर मंदिराच्या उत्तर दरवाजाशी आली आणि धूप दाखवण्यावरून सुरक्षारक्षकांशी वाद झाला. मंदिरात शिरण्याचा प्रयत्न झाला, अशी तक्रार देवस्थानाने केली. चौघांवर गुन्हा नोंदला गेला. पायरीवरूनच देवाला धूप दाखवायची जुनी रीत आहे, असे उरूसवाल्यांचे म्हणणे होते. गावातल्या काही हिंदू रहिवाशांनीही त्याला दुजोरा दिला, हे आवर्जून नोंदवायला हवे. तीन दिवसांत तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला. एका संघटनेने गोमूत्र शिंपडून दरवाजाचे शुद्धीकरण केले. बाहेरची गर्दी वाढली, तेव्हा गावकऱ्यांनी शांतता बैठक घेतली.