भुलीनंतरची रात्र

आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला, पण ‘बाशीम’ नावाचा जिल्हा इंग्रजी अमदानीत १९०५ पर्यंत होताच. वऱ्हाड तेव्हा बराच काळ कागदोपत्री निजामाचा आणि कारभाराला इंग्रजांचा. त्यामुळे शस्त्रक्रियेतल्या वेदनेचा आमचा इतिहास हैदराबादेतून सुरू होतो.

तेथील सर्जन एडवर्ड लॉरी यांचा क्लोरोफॉर्मवर फार भरवसा. रुग्णाच्या नाडीकडे नव्हे, श्वासाकडे लक्ष ठेवा, असे त्यांचे म्हणणे. ते तपासण्यासाठी १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. निजाम मीर महबूब अली खान यांनी पैसा पुरवला आणि दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. श्वासावर लक्ष हवेच. पण क्लोरोफॉर्मने हृदय थेट बंद पडत नाही हा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. लॉरींच्याच वैद्यकीय शाळेतल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाई मात्र जगातल्या अगदी पहिल्या भूलतज्ज्ञ स्त्रियांत गणल्या जातात. आमच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव आम्हाला कधी भेटले नाही!

ही सारी चर्चा टेबलावरच्या वेदनेची. भूल उतरल्यावर घरच्या खाटेवर काय होते, याची दखल कोण घेणार? तिथे अफू होती, हळद होती, शेक होता आणि घरातली वडीलधारी बाई होती. अफूपासून निघणारे मॉर्फिन आजही तीव्र वेदनेवरचे मोठे औषध आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात ते इस्पितळांनाही दुर्मीळ झाले; २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी केली.

आता दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतो, म्हणजे वेदनाही घरीच येते. आमच्या खालाचे पित्ताशय अकोल्यात काढले. मंगरूळपीरला परतताना रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तिने पोट धरले. रात्री ती कण्हली, तेव्हा आम्हीच म्हणालो, “सब्र करो.” गोळ्या उशाशी होत्या, त्या ‘अगदीच सहन झाले नाही तर’ घ्यायच्या, हा आमचा शहाणपणा. दुखते म्हणून तिने खोल श्वास घेतला नाही, खोकला दाबला आणि छातीत कफ साठला. पहिले काही दिवस लिहून दिलेली गोळी दुखण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी घ्यायची, खोकताना पोटाशी उशी घट्ट धरायची, हे डॉक्टरांनी नंतर समजावले. पॅरासिटामॉल सांगितल्यापेक्षा जास्त घेतले तर यकृताला धोका, हेही.

त्यात रमजान आला. आजाऱ्याला रोज्याची सवलत खुद्द कुराणातच आहे, तरी दुपारची गोळी चुकवून खाला रोजा धरून बसली. लोक तिच्या सब्रचे कौतुक करत होते आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती.