सहा तासांपूर्वीची प्रत

मंगळवार, ३१ जानेवारी २०१७. खालच्या सर्व वेळा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार आहेत. भारतातली वेळ हवी असेल तर साडेपाच तास मिळवावेत.

गिटलॅब.कॉमवर जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात, त्यातल्या चुका नोंदवतात, त्यांवर चर्चा करतात. कोडच्या फायली वेगळ्या सर्व्हरवर आहेत. बाकी सगळे, म्हणजे खाती, प्रकल्पांच्या नोंदी, तक्रारी, शेरे, एकाच पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आहे. त्याचा आकार सुमारे ३१० जीबी. तो मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर दोन सर्व्हरवर चालतो: डीबी१ हा मुख्य, आणि डीबी२ ही त्याची मागोमाग अद्ययावत होत राहणारी प्रत. तिसरा सर्व्हर नाही.

१७:२०. डेटाबेसवरचा भार वाटून देणारे एक नवे सॉफ्टवेअर एका अभियंत्याला चाचणी सर्व्हरवर तपासून पाहायचे आहे. त्यासाठी खरा डेटा लागतो. चाचणी सर्व्हरवर रोज ०१:०० वाजता मुख्य डेटाबेसची प्रत आपोआप चढते. आजची प्रत सोळा तास जुनी झाली आहे. त्याला ताजी हवी आहे, म्हणून तो तेच काम हाताने करतो: मुख्य डेटाबेसच्या डिस्कचा एलव्हीएम स्नॅपशॉट घेतो आणि तो चाचणी सर्व्हरवर चढवतो.

एलव्हीएम म्हणजे काय, हे इथेच सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर टेकलेले आहे. लिनक्स सर्व्हर उभा करताना डिस्कचे भाग पाडावे लागतात. ते थेट डिस्कवर पाडता येतात, किंवा डिस्क आणि फाइल सिस्टम यांच्यामध्ये एलव्हीएमचा एक थर घालता येतो. हा थर असेल तर चालू डिस्कचे त्या क्षणीचे रूप गोठवून ठेवता येते. नंतर एखादा ब्लॉक बदलला तर त्यातला आधीचा मजकूर बाजूला राखला जातो. डेटाबेस बंद करावा लागत नाही. मात्र थर घालायचा की नाही, हे सर्व्हर मांडतानाच ठरवणे सोयीचे. मागाहून तो घालणे फार किचकट. इथे तो घातलेला आहे.

अभियंता बॅकअप घेत नाही, चाचणीची तयारी करतो आहे. स्नॅपशॉट होतो, चाचणी सर्व्हरवर चढतो, आणि तो विषय तेवढ्यावर राहतो.

१९:०० च्या सुमारास. डेटाबेसवरचा भार वाढू लागतो. स्पॅम टाकणारे छोट्या मजकुरांच्या नोंदी भराभर टाकत आहेत, असा अंदाज आहे. आठवडाभर असे प्रकार चालू आहेत, पण इतके तीव्र नव्हते. लोकांना शेरे लिहिता येईनासे होतात. काही आयपी पत्ते अडवले जातात, काही खाती काढली जातात. एकाच खात्यावर ४७,००० आयपी पत्त्यांवरून लॉगिन झालेले आढळते. त्या खात्याची रेपॉझिटरी, म्हणजे कोड ठेवण्याची जागा, कोणी फायली वाटण्यासाठी वापरत होते.

भाराचे आणखी एक कारण आहे, पण ते नंतर कळणार आहे. गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्यावर गैरवापराचा शिक्का बसला आहे, आणि ते खाते चुकून काढून टाकण्याच्या यादीत गेले आहे. ते खाते आणि त्याला जोडलेला सगळा डेटा पुसण्याचे काम मागे चालू आहे.

या तीन तासांत सगळे अभियंते भार उतरवण्यात गुंतले आहेत. ज्या गोष्टीकडे कोणाचे लक्ष नाही, ती यादरम्यान सांगून टाकतो.

दर २४ तासांनी पीजी_डम्प या साधनाने डेटाबेसचा पूर्ण बॅकअप निघतो आणि ॲमेझॉनच्या एस३ साठवणीत जातो, असे सगळे धरून चालले आहेत. तो निघत नाही. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर आहे. कोणत्या आवृत्तीची साधने वापरायची, हे गिटलॅबचे पॅकेज डेटाबेसच्या फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलवरून ठरवते. बॅकअपचे काम मात्र ॲप्लिकेशन सर्व्हरवर चालते, आणि तिथे ते फोल्डरच नाही. फाइल सापडत नाही, म्हणून पॅकेज आपोआप ९.२ आवृत्तीचे साधन उचलते. ९.२ चे पीजी_डम्प ९.६ च्या डेटाबेसला हात लावत नाही. ते त्रुटी दाखवून थांबते.

काम फसले की मेल जातो. तशी व्यवस्था आहे, आणि मेल गेलेही आहेत. पण डीमार्क या मेल-पडताळणीची जोड त्या मेलना दिलेली नव्हती, म्हणून मेल घेणाऱ्या सर्व्हरने ते नाकारले. एकही मेल कोणाच्या पेटीत पोहोचला नाही.

अझूरमध्ये डिस्कचे स्नॅपशॉट घेण्याची सोय आहे. फायलींच्या सर्व्हरसाठी ती चालू आहे. डेटाबेसच्या सर्व्हरसाठी चालू केलेली नाही, कारण तिथे इतर बॅकअप पुरेसे आहेत असे मानले गेले.

२२:००. डीबी२ फार मागे पडल्याची सूचना वाजते. ती प्रत सुमारे ४ जीबीने मागे आहे. डीबी१ वर होणारा प्रत्येक बदल आधी एका नोंदवहीत लिहिला जातो आणि डीबी२ ती नोंदवही वाचत पुढे सरकते. भार इतका वाढला की डीबी२ ने वाचण्याआधीच डीबी१ ने जुनी पाने काढून टाकली. ही पाने वेगळी जपून ठेवता येतात, पण गिटलॅबने तसे केलेले नव्हते. आता डीबी२ ला पुन्हा गाठता येणार नाही. ती पुसून पहिल्यापासून उतरवावी लागेल.

एक अभियंता युरोपातून काम करतो आहे. त्याच्या घड्याळात रात्रीचे अकरा वाजले आहेत. उशीर झाला, आता बंद करतो, असे त्याने थोड्या वेळापूर्वी सहकाऱ्यांना सांगितले होते. प्रतीचे हे नवे दुखणे निघाले म्हणून तो थांबतो.

तो डीबी२ वरचे डेटाचे फोल्डर रिकामे करतो. हे बरोबर आहे. प्रत नव्याने उतरवायची तर असेच करतात. पण या क्षणापासून ३१० जीबींची चालती प्रत एकच आहे, डीबी१ वर.

यानंतर डीबी२ वर पीजी_बेसबॅकअप चालवले जाते. डीबी१ वरून सगळा डेटा ओढून आणण्याचे हे साधन. ते सुरू होते आणि स्तब्ध राहते. काय चालले आहे ते सविस्तर सांग, असा पर्याय दिलेला असूनही पडद्यावर काहीच येत नाही.

काही प्रयत्नांनंतर एक संदेश मिळतो: प्रत घेण्यासाठी डीबी१ वर पुरेशा जोडण्या मोकळ्या नाहीत. ही मर्यादा मूळ ठरलेल्या ३ वर आहे. ती ३२ करतात. बदल लागू करायला पोस्टग्रेस पुन्हा सुरू करावे लागते, आणि ते सुरू व्हायला नकार देते. सेमाफोर, म्हणजे प्रक्रियांचा ताळमेळ राखणाऱ्या खुणा, फार होत आहेत, अशी त्याची तक्रार आहे. दुसऱ्या एका सेटिंगमध्ये एकूण जोडण्यांची मर्यादा ८,००० लिहिलेली आहे. हा आकडा फार मोठा आहे, तरी जवळपास वर्षभर त्यावर काम चालले होते. तो २,००० करतात. पोस्टग्रेस सुरू होते.

पीजी_बेसबॅकअप पुन्हा चालवतात. पुन्हा स्तब्ध.

एस-ट्रेस या साधनाने आत डोकावून पाहतात. ते कशाची तरी वाट पाहते आहे एवढेच दिसते. कशाची, ते दिसत नाही.

उत्तर साधे होते. डीबी१ डेटा पाठवायला सुरुवात करेपर्यंत पीजी_बेसबॅकअप गप्प बसून राहते, हेच त्याचे नेहमीचे वागणे. हे ठाऊक असलेला एक अभियंता संघात होता, पण त्या वेळी हजर नव्हता. कंपनीच्या कार्यपुस्तिकेत ते स्पष्ट लिहिलेले नव्हते, आणि साधनाच्या अधिकृत माहितीपत्रातही नव्हते. माझ्या मते त्या रात्रीची कळीची जागा ही आहे. पुढची कमांड कोणाच्याही हातून गेली असती. ती देण्याची वेळ आली ती केवळ हे एक वाक्य कुठेही लिहिलेले नव्हते म्हणून.

२३:०० नंतर. आधीच्या प्रयत्नांमुळे फोल्डर शिल्लक राहिले असावे आणि साधन त्याला अडत असावे, असे अभियंत्याला वाटते. फोल्डर रिकामे आहे, तरी तेही काढून टाकावे असे तो ठरवतो. लिनक्समध्ये त्यासाठी आरएम -आरएफ ही कमांड आहे. ती काही विचारत नाही, आत जे असेल ते सगळे काढते. डीबी१ आणि डीबी२ वर फोल्डरचा पत्ता अक्षरशः सारखा आहे. सर्व्हरच्या नावांत फरक आहे तो एका आकड्याचा.

तो कमांड देतो.

एक-दोन सेकंद जातात. रिकामे फोल्डर काढायला इतका वेळ लागत नाही. त्याची नजर सर्व्हरच्या नावाकडे जाते. डीबी१.

२३:२७. तो कमांड तोडतो. ३१० जीबींपैकी सुमारे ४.५ जीबी उरले आहेत.

इतक्या थोड्या वेळात ३०० जीबी कसे जातात, असा प्रश्न पडेल. फाइल काढताना लिनक्स तिच्यातला मजकूर पुसत बसत नाही. फोल्डरमधली तिची नोंद काढतो आणि तिची जागा मोकळी झाली असे लिहून ठेवतो. पोस्टग्रेस मोठे तक्ते १ जीबीच्या तुकड्यांत ठेवतो. त्यामुळे काढायच्या नोंदी डेटाच्या मानाने थोड्या असतात.

भारतात १ फेब्रुवारीची पहाट आहे, चार वाजून सत्तावन्न मिनिटे. गिटलॅब.कॉम बंद होते.

२३:३० नंतर. बॅकअप शोधायला सुरुवात होते. डीबी२ तासाभरापूर्वीच रिकामी केली आहे. अझूरचे स्नॅपशॉट या सर्व्हरसाठी चालूच नव्हते. कोणीतरी एस३ ची साठवण उघडते. तिथे एकही फाइल नाही. रोज ०१:०० ला होणारा एलव्हीएम स्नॅपशॉट आहे, पण तो जवळजवळ पूर्ण दिवस जुना आहे.

बॅकअप आणि प्रती ठेवण्याच्या एकूण पाच तऱ्हा होत्या. पाचांपैकी एकही भरवशाने चालत नव्हती किंवा मुळात लावलेलीच नव्हती, असे संघ आपल्या टिपणात लिहितो. हे टिपण त्याच रात्री सगळ्या जगाला वाचण्यासाठी खुले केले जाते. प्रत्यक्ष वापरातला डेटा आपल्याकडून चुकून काढला गेला, हे कंपनी ट्विटरवर सांगते. कंपनीने प्रसिद्ध केलेल्या घटनाक्रमात चूक ज्याच्या हातून झाली त्याचा उल्लेख संघातील सदस्य क्रमांक एक असा आहे. हा घटनाक्रम आज मिनिटांसह लिहिता येतो तो त्या खुलेपणामुळे. त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे.

मग १७:२० चा स्नॅपशॉट आठवतो. चाचणीसाठी हाताने घेतलेला. सहा तास जुना.

बुधवार, १ फेब्रुवारी, मध्यरात्रीनंतर. तो डेटा चाचणी सर्व्हरवर आहे आणि डीबी१ वर आणायचा आहे. चाचणी सर्व्हरला खर्च वाचावा म्हणून स्वस्त, संथ डिस्क घेतलेल्या आहेत. त्यांचा वेग सेकंदाला ६० मेगाबिटच्या आसपास बांधलेला आहे. नेटवर्क मोकळे आहे, प्रोसेसर मोकळे आहेत, डिस्क पुढे सरकत नाही. वेगवान डिस्कवर हलवण्याचा मार्ग नाही. जे दोन सेकंदांत गेले ते परत आणायला सुमारे १८ तास लागणार आहेत.

संघ यूट्यूबवर थेट प्रक्षेपण सुरू करतो. एका वेळी ५,००० हून अधिक लोक ते पाहतात.

आणखी एक अडचण निघते. चाचणी सर्व्हरवर डेटा चढला की त्यातले वेबहूक आपोआप काढले जातात. प्रकल्पात काही घडले की बाहेरच्या सेवांना कळवणारे हे दुवे. चाचणीच्या सर्व्हरवरून खऱ्या सेवांना चुकीचे निरोप जाऊ नयेत म्हणून ही काळजी घेतलेली होती. आता ते दुवे मूळ स्नॅपशॉटमधून वेगळा डेटाबेस उभारून परत मिळवावे लागतात.

१७:००. डेटाबेस परत उभा राहतो, वेबहूकशिवाय. सर्व नोंदींचे पुढचे क्रमांक १,००,००० ने वाढवले जातात, म्हणजे हरवलेल्या नोंदीचा क्रमांक दुसऱ्या नोंदीला मिळणार नाही.

१८:००. वेबहूकही परत येतात. तपासणी संपते. भारतात रात्रीचे साडेअकरा.

कोड आणि विकी सुरक्षित आहेत, ते या डेटाबेसमध्ये नव्हतेच. ३१ जानेवारीच्या १७:२० पासून सेवा बंद पडेपर्यंत डेटाबेसमध्ये जे लिहिले गेले, ते गेले: अंदाजे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० शेरे, ७०० नवी खाती.

१० फेब्रुवारी. कंपनी सविस्तर अहवाल प्रसिद्ध करते. का, मग ते का, असे प्रश्न त्यात शेवटपर्यंत विचारत नेलेले आहेत. बॅकअप परत उतरवून पाहण्याची चाचणी नियमित का होत नव्हती, या प्रश्नाचे उत्तर असे आहे: हे काम कोणा एकाकडे सोपवलेले नव्हते. डेटा टिकवण्याची जबाबदारी एका माणसाकडे देणे आणि बॅकअप उतरवून पाहण्याची चाचणी आपोआप होईल अशी सोय करणे, ही कामे यादीत लिहिली जातात. त्या रात्रीच्या टिपणातल्या यादीत याआधीच एक काम लिहून ठेवलेले आहे: टर्मिनलवर सर्व्हरचे पूर्ण नाव दिसावे, खऱ्या सर्व्हरसाठी लाल रंगात आणि चाचणीच्या सर्व्हरसाठी पिवळ्या.