एकच आधार नंबर, शेतकरी अनेक

आजचा भाग कोडमधल्या चुकांचा आहे, पण सुरुवात रोहिणखेडपासून.

बुलढाणा जिल्ह्यात गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: घाटावरचं की घाटाखालचं? मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड घाटाच्या पायथ्याशी आहे. १४३७ साली खानदेशचा नासिर खान फारुकी वऱ्हाडावर चालून आला, तेव्हा बहमनी सरदार खलफ हसन याने त्याला इथेच हरवलं. मुलूख सांभाळायचा तर आत येणारी वाट सांभाळावी लागते.

सॉफ्टवेअरमध्ये ही वाट म्हणजे फॉर्म.

२८ जून २०१७ रोजी राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेचा निर्णय काढला. ३४,०२२ कोटींची कर्जमाफी आणि ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ, असं जाहीर झालं. अर्ज ऑनलाइन. एकीकडून शेतकऱ्यांचे अर्ज आले, दुसरीकडून बँकांच्या याद्या. १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रं वाटली गेली. आणि त्याच महिन्यात बँकांनी तक्रार केली: यादीत अनेक शेतकऱ्यांपुढे एकच आधार नंबर आहे, एकच बचत खातं आहे! याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. ज्याचे कागद चोख होते, त्यालाही थांबावं लागलं.

आता गंमत बघा. आधार नंबर १२ अंकी असतो, ० किंवा १ ने सुरू होत नाही आणि त्याचा शेवटचा अंक पडताळणीचा असतो. ही पडताळणीची रीत डच गणिती व्हरहॉफ यांनी १९६९ मध्ये मांडली. एक अंक चुकला की ती लगेच पकडते. पण बरोबर असलेला नंबरच शंभर जणांपुढे टाकला तर? शंभर वेळा पास! प्रत्येक ओळ खरी, यादी मात्र खोटी.

म्हणून कोड तपासताना पहिला प्रश्न विचारा: नुसता साचा तपासलाय, की अर्थही? दुसरा: तपासणी फक्त मोबाइल ॲपमध्ये आहे, की सर्व्हरवरही? ॲपला वळसा घालून थेट सर्व्हरला माहिती पाठवता येते. तिसरा प्रश्न जरा खोल आहे. ‘हा नंबर आधीच आहे का?’ असं विचारून मग नोंद करणारा कोड दिसला तर सावध व्हा. दोन केंद्रांवरून एकाच क्षणी विचारलं, तर दोघांनाही ‘नाही’ असंच उत्तर मिळेल. एका नंबरची एकच नोंद, हा नियम डेटाबेसमध्येच बसवायला हवा.

आता दुसरी चूक, क्वेरीची. १९९८ च्या डिसेंबरमध्ये ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या नियतकालिकात जेफ फॉरिस्टल यांनी दाखवून दिलं की फॉर्ममध्ये टाकलेला मजकूर डेटाबेसला हुकूम म्हणूनही चालवता येतो. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. सतरा वर्षांनी, २०१५ मध्ये, ब्रिटनच्या टॉकटॉक कंपनीची १,५६,९५९ ग्राहकांची माहिती याच वाटेने गेली. दंड झाला चार लाख पौंड. भोक होतं विकत घेतलेल्या दुसऱ्या कंपनीच्या जुन्या वेबपानांत, ज्यांच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

हे ओळखायचं कसं? वसईच्या डिसोझांचं उदाहरण घ्या. इंग्रजीत हे आडनाव लिहिताना मध्ये एक वरचा स्वल्पविराम येतो. डेटाबेसच्या भाषेत त्याच चिन्हाने मजकूर संपतो. कोडमध्ये क्वेरीचं वाक्य आणि आडनाव ‘अधिक’च्या चिन्हाने जोडलं असेल, तर बिचाऱ्या डिसोझांचा अर्ज अडकतो, आणि चोर त्याच चिन्हापुढे ‘किंवा १=१’ लिहून अख्खी यादी उघडतो.

मग ते चिन्हच बंद करायचं? नाही! डिसोझांनी आपलं नाव का बदलावं? क्वेरी आधी ठरवा, जागा मोकळी सोडा आणि आडनाव वेगळं पाठवा. म्हणजे डेटाबेस त्याला फक्त आडनावच समजतो. स्तंभाचं नाव मात्र असं पाठवता येत नाही. तिथे चालणाऱ्या नावांची पक्की यादी ठेवा आणि बाकी सगळं नाकारा.

तेव्हा कोड हातात आला की पहिल्या ओळीपासून वाचत बसू नका. माहिती कुठून आत येते ते शोधा आणि क्वेरीपर्यंत तिचा माग काढा. जुनी पानं आधी बघा. त्या यादीतल्या एका ओळीवर कुणाचा तरी पेरणीचा पैसा अडलेला असतो.

भेटू पुढच्या भागात!