कडावच्या पावसात मेक्सिकन मातीचं घर टिकेल का?

जाड, गोलसर कोपऱ्यांच्या, गेरूच्या रंगाच्या भिंती. छोट्या खिडक्या, मधोमध अंगण आणि सपाट छप्पर. मेक्सिकोतल्या अशा घरांचे फोटो इन्स्टाग्रामवर सतत दिसतात. कर्जत-मुरबाड रस्त्यावर कडावजवळ ज्यांनी घरासाठी जागा घेतली आहे, त्यांना असं घर बांधावंसं वाटलं तर त्यात नवल नाही. माती इथलीच वापरायची, सिमेंट कमी लागणार आणि घर थंड राहणार, असा त्यामागचा हिशोब.

हा हिशोब निम्मा बरोबर आहे. मातीचं घर कडावला उभं राहतं, पिढ्यान् पिढ्या राहिलं आहे. फक्त ते फोटोतलं घर नाही.

अडोबी म्हणजे नेमकं काय?

अडोबी म्हणजे न भाजलेली वीट. माती, वाळू, पाणी आणि गवताचे तुकडे कालवून साच्यात घालायचे आणि विटा उन्हात वाळवायच्या. मग मातीच्याच चिखलात त्या रचत जायचं. भिंत साधारण दीड-दोन फूट जाड होते. ती दिवसभर ऊन पिऊन घेते आणि ती उष्णता रात्री हळूहळू सोडते. मेक्सिकोच्या मध्य पठारावर आणि कोरड्या उत्तरेत दिवस तापतो, रात्र गार पडते. तिथे ही युक्ती उत्तम चालते.

महाराष्ट्रात अडोबीचं भावंड शोधायचं तर कोकणात नाही, घाटावर जावं लागतं. मराठवाडा आणि खानदेशातली धाब्याची घरं याच विचाराची आहेत. भिंत जाड, वर लाकडाचे सर आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. कमी पावसाच्या मुलखाला हे घर शोभतं.

कडावचं गणित वेगळं आहे. कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वाऱ्याबरोबर आडवी झड येते. न भाजलेली वीट खालून ओल ओढते आणि वरून विरघळते. शिवाय इथल्या दमट हवेत रात्री फारसा गारवा पडत नाही, त्यामुळे जाड भिंतीचा फायदाही अर्धाच मिळतो. भिंतीतून वारा खेळणं इथे जास्त कामाचं.

दुसरा प्रश्न वजनाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे जड थर झोपलेल्या माणसांवर कोसळले. मेक्सिकोलाही हा अनुभव आहे. ७ सप्टेंबर २०१७ च्या ८.२ तीव्रतेच्या भूकंपात वाहाका राज्यातल्या हुचितान आणि आसपासच्या गावांत अडोबीची कितीतरी घरं पडली. माती वाईट नाही, पण आधाराशिवाय रचलेली जड माती धोक्याची आहे. भारतीय मानक ब्यूरोनं मातीच्या इमारती भूकंपात तग धरतील अशा कशा बांधाव्यात, यासाठी १९९३ मध्येच १३८२७ क्रमांकाचं मानक काढलं. मातीचं घर बांधणाऱ्या इंजिनिअरनं ते वाचलेलं असावं, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

मेक्सिकोची दुसरी भिंत

मेक्सिकोचा सगळा मुलूख कोरडा नाही. वेराक्रुझ, चियापास, युकातान या पावसाच्या पट्ट्यात वेगळी पद्धत आहे. लाकडी खांब रोवायचे, त्यांच्यामध्ये काठ्या किंवा वेत विणायचा आणि दोन्ही बाजूंनी चिखल लिंपायचा. तिचं नाव बाहारेके. युकातानमधल्या माया लोकांच्या घरांना अशाच काठ्यांच्या भिंती असतात आणि वर ताडाच्या जातीच्या झावळ्यांचं उतरतं छप्पर.

कर्जत-खालापूरच्या कुठल्याही ठाकूर किंवा कातकरी वाडीवरच्या माणसाला हे वर्णन ऐकवलं तर तो म्हणेल, हा तर आपला कूड!

कुडाचं घर असं उभं राहतं. आधी दगडमातीचं जोतं उचलायचं. मग लाकडी मेढी रोवायच्या, त्यांवर आडं आणि वासे चढवायचे. घराचं सगळं वजन या सांगाड्यावर असतं, भिंतीवर काहीच नसतं. भिंतीसाठी कारवीच्या सरळ काठ्या एकमेकींना चिकटून उभ्या करतात आणि आडव्या काठ्यांनी आवळून बांधतात. मग माती, शेण आणि भाताचं तूस किंवा पेंढा मळून दोन्ही अंगांनी लिंपण. बऱ्याच घरांत वरचा हातभर भाग लिंपत नाहीत. चुलीचा धूर तिथून बाहेर जातो आणि वारा आत येतो.

कारवीची गंमत तिच्या फुलोऱ्यात आहे. सात-आठ वर्षांनी ती एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. मग डोंगरावर वाळलेल्या काठ्यांचं रान उरतं. तेव्हा घरासाठी काठी मुबलक मिळते.

अशा भिंतीचं आयुष्य देखभालीवर अवलंबून आहे. पावसाआधी शाकारणी, पाऊस सरला की तडे बुजवून सारवण. खालची काठी वाळवीनं खाल्ली तर तेवढाच भाग बदलता येतो. पैसा कमी लागतो, हात मात्र दरवर्षी लागतात. इथेच कूड हरत चालला आहे. पावसाळा संपला की अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघून जातात, म्हणजे नेमकी सारवणाच्या दिवसांत. दुसऱ्याच्या घरासाठी पक्की वीट पाडणाऱ्यांच्या स्वतःच्या भिंतीला हात लावायला कुणी उरत नाही.

सरकारी व्याख्येतही कुडाची भिंत 'कच्ची'. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात किमान २५ चौरस मीटरच्या घरासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळू लागले. घर देखभालीसह तीस वर्षं टिकावं, ही अट. त्या योजनेसाठी देशभरातल्या स्थानिक बांधकाम पद्धतींचा 'पहल' नावाचा संग्रहही केंद्रानं काढला, पण वाड्यांवर बहुतेकदा दिसतो तो विटा-सिमेंटचा चौकोनी डबाच. तो मागणाऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. पत्र्याखाली पाऊस काढलेल्या बाईला गळणारं घर नको असतं, आणि तिचं बरोबर आहे.

आज बांधायचं तर?

कारवी तोडायला जंगलात शिरू नका. वनहक्क कायदा, २००६ नुसार गौण वनोपजावरचा हक्क जंगलावर जगणाऱ्या गावकऱ्यांचा आहे, फार्महाऊसवाल्यांचा नाही. त्याऐवजी बांबू घ्या. २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेर लावलेला बांबू कायद्यानं 'झाड' राहिलेला नाही, त्यामुळे तो मिळवणं सोपं झालं आहे. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात भिजवलेल्या बांबूला कीड लवकर लागत नाही. भिजवण्याआधी तो नीट पक्व झालेला हवा.

जोतं दगडाचं आणि किमान दोन फूट उंच ठेवा. सपाट छप्पर विसरा. उतरतं कौलारू छप्पर घ्या आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील एवढी वळचण बाहेर काढा. पश्चिमेला पडवी असेल तर झडीचा मारा तिथेच अडतो. मेढ थेट मातीत पुरण्याऐवजी दगडावर बसवली की वाळवीला वाट मिळत नाही.

बाहेरच्या गिलाव्यासाठी मेक्सिकोकडून एक गोष्ट उसनी घेता येईल. तिथे चुन्यात नोपाल निवडुंगाचा चिकट रस मिसळतात, त्यानं गिलावा पाण्याला जास्त दाद देत नाही. आपल्याकडे चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळ घालायची रीत होतीच. आणि नोपाल म्हणजे फड्या निवडुंगाचाच भाऊबंद. तो मूळचा अमेरिका खंडातला, इथे बाहेरून आलेला.

काम दिवाळीनंतर सुरू करा. लिंपणाचा एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही आणि शेवटचा हात एप्रिलअखेर फिरलेला हवा. लिंपण घालणारे हात आसपासच्या वाड्यांवर अजून आहेत, बहुतेक वयस्कर बायकांचे. त्यांना गवंड्याइतकी मजुरी द्यावी लागेल, हे बजेटमध्ये आधीच धरा.