पुंगीवाल्याची मजुरी

परदेशची एखादी दंतकथा आपल्या भूमीवर उभें राहून वाचली म्हणजे तिचा निराळाच अर्थ दिसूं लागतो. जर्मनींतील वेझर नदीकांठच्या हॅमेलिन गांवची कथा आम्हीं पनवेलजवळच्या तळोज्याची आठवण ठेवून वाचूं गेलों, तेव्हां असेंच झालें.

कथा सर्वश्रुत आहे. गांवांत उंदरांचा सुळसुळाट झाला. रंगीबेरंगी वेषाचा एक अनोळखी पुंगीवाला आला. ठरलेल्या मजुरीवर त्यानें उंदीर नदींत बुडविले. आणि गांवकऱ्यांनीं शब्द फिरवितांच तीच पुंगी वाजवून त्यांचीं मुलें डोंगरांत नेलीं. ग्रिम बंधूंनीं १८१६ सालीं ती संग्रहांत घेतली व १८४२ सालीं ब्राउनिंगनें तिजवर काव्य रचिलें.

परंतु जुना पुरावा पाहतां आश्चर्य वाटतें. पंधराव्या शतकांतील लूनेबर्गच्या हस्तलिखितांत, २६ जून १२८४ रोजीं एका पुंगीवाल्यामागून १३० मुलें गेलीं व दिसेनाशीं झालीं, एवढेंच आहे. त्यांत उंदीर नाहींत, करार नाहीं, बुडविलेली मजुरीही नाहीं. उंदीर कथेंत शिरले ते सोळाव्या शतकांत. पूर्वेकडील वसाहतींसाठीं तरुण मंडळी नेलीं गेलीं असावीं, असा पुष्कळ विद्वानांचा तर्क आहे.

म्हणजे गांवानें दुःख आधीं नोंदलें. कारण मागाहून आलें. कोणी पुंगीवाल्याला सैतानही म्हटलें. पण लोकांच्या तोंडीं टिकली ती मोडलेल्या शब्दाची गोष्ट. दोष परक्याच्या नव्हे, आपल्याच पंचांच्या पदरीं पडला. मुलें ज्या रस्त्यानें गेलीं म्हणतात, तेथें अद्याप वाद्य न वाजविण्याचा प्रघात आहे.

तळोज्याच्या परिसरांत हें मर्म समजावून द्यावें लागणार नाहीं. १९७० नंतर नव्या मुंबईसाठीं ठाणें, पनवेल व उरण भागांतील ९५ गांवांच्या जमिनी घेण्याचें ठरलें. मोबदल्यावरून असंतोष वाढला. जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जासई येथें झालेल्या आंदोलनांत गोळीबार होऊन पांच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना याच झगड्याचें फळ होय.

येथें दाम मागणारा परका नव्हता, भूमीचाच पुत्र होता. आणि तो डोंगरांत नाहींसाही झाला नाहीं. हॅमेलिनला आपल्या दुःखाचें कारण शतकांनंतर सुचलें. आपल्याकडे तें सनावारीसह नोंदलेलें आहे. गोष्ट संपल्यावर लहान मूल विचारतें, "त्याचे पैसे देऊन टाकले असते तर?" हा प्रश्न मोठ्यांनीं वेळींच विचारावा, इतकेंच आमचें म्हणणें आहे.