रेडिएटरमध्ये हळद

मशीनवेड्या लोकांचा एक अलिखित नियम आहे. गप्पा कुठूनही सुरू होऊ देत, अर्ध्या तासात गाडी जेवणावर येते. गुलमंडीत रात्री दुकानांची शटर्स पडली की पायऱ्यांवर जी टोळकी टेकतात, त्यांच्यात बसून हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता त्याचं नवल वाटत नाही. एकाने शेतात वादळात पडलेली बाभूळ तोडायला चेन सॉ घेतलेली असते. तो साखळीला धार लावायची कानस, बारची लांबी वगैरे सांगत सुटतो. दुसरा म्हणतो, "काय कौतिक सांगतो रे, आमच्या बाबांच्या चेतकचंच इंजिन आहे ते. फक्त चाकाऐवजी साखळी फिरवतं." तिसऱ्याला काकांची फियाट आठवते, मग फियाटमधून वेरूळला नेलेले धपाटे आठवतात, आणि मग धपाट्यांत लसूण किती यावर जी भांडणं होतात तशी कार्बोरेटरवरही होत नाहीत.

हे नुसतं टाइमपास नाहीये असं मला हल्ली वाटायला लागलंय. यंत्र आणि स्वयंपाकघर यांचं नातं आपण समजतो त्यापेक्षा बरंच जुनं आणि जवळचं आहे, आणि आपल्या गावात तर फारच.

आधी चेन सॉ. या यंत्राचा पूर्वज झाडांसाठी नव्हताच. १८३० च्या सुमाराला बर्नहार्ड हाइने नावाच्या जर्मन माणसाने हाडं कापायला दात्यांची साखळी असलेलं हत्यार बनवलं होतं. हाताने फिरवायचं. (भूल द्यायची पद्धत अजून यायची होती. असो.) लाकडासाठी आंद्रेआस श्टील याने स्टुटगार्टमध्ये १९२६ साली विजेवर चालणारी करवत काढली आणि १९२९ साली पेट्रोलवरची. ती उचलायला दोन माणसं लागत.

आज हातात धरायची पेट्रोल चेन सॉ बहुतेक टू-स्ट्रोक असते, त्यामुळे तो चेतकवाला मित्र चूक बोलत नव्हता. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमधून जातात, मग वर सिलिंडरमध्ये. तिथे वेगळं ऑइल साठवून ठेवायची सोय नाही, म्हणून ऑइल पेट्रोलमध्येच घालायचं. १९४६ साली इटलीत व्हेस्पा आली, तिचं तंत्र परवान्यावर बजाजकडे आलं, आणि १९७२ पासून चेतक. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. लिटरला वीस मिली ऑइल. पंपावरचा माणूस ते वेगळं मोजून घालायचा आणि आपण स्कूटर गदागदा हलवायची. सकाळी सुरू झाली नाही तर एका अंगाला आडवी करायची, प्लग काढून पुसायचा, पुन्हा किक. धूर निळा आणि दाट दिसला की ऑइल जास्त झालं. आता कढईतलं तेल किती तापलंय हे तुमची आई कशावरून ओळखते? तिनेही तेलात थर्मामीटर बुडवलेला मी तरी पाहिलेला नाही.

१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि या शहराचा नूर बदलला. घराघरात कोणीतरी आयटीआयवाला, फिटर, टर्नर, सुपरवायझर झाला. पण औरंगाबादला यंत्रं १९८५ नंतर आली असं कोणी म्हणालं तर त्याला धरून पाणचक्कीवर न्या. अठराव्या शतकातली, साधारण १७४४ ची. हर्सूलकडून जमिनीखालच्या नळांतून पाणी आणायचं, उंच भिंतीत चढवायचं, वरून सोडायचं, त्या जोराने खालचं चाक फिरणार आणि चाकावरचं जातं पीठ दळणार. कोणासाठी? बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात राहणारे फकीर, विद्यार्थी आणि येणारेजाणारे यांच्या जेवणासाठी. म्हणजे या गावातलं सगळ्यात प्रसिद्ध जुनं यंत्र हे मुळात स्वयंपाकघराचं उपकरण आहे! आपण शाळेच्या सहलीत तिथे जाऊन मासे बघून येतो आणि इंजिनिअरिंग विसरतो.

नान खलियाची गोष्टही याच जातीची. १३२७ च्या सुमाराला मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, आणि त्या लवाजम्याबरोबर हे जेवण इकडे आलं असं सांगतात. खरंखोटं तुघलक जाणे, पण पदार्थाची बांधणी बघितली तर गोष्ट पटण्यासारखी आहे. मोठ्या देगेत एकदम भरपूर शिजणारा रस्सा आणि भट्टीत लागोपाठ निघणारे नान. चार माणसांच्या घरासाठी नाही, हलत्या फौजेसाठी शोभणारं काम.

आता फियाट. वालचंद हिराचंद हे मूळ सोलापूरचे. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. १९६४ ला फियाट ११०० डिलाइट आली, आणि तीच गाडी पुढे सत्तरच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली. १०८९ सीसी, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, आणि सकाळी ओढायचा चोक. आमच्याकडे कागदोपत्री नाव काहीही असो, तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत.

मराठवाड्याच्या मे महिन्यात या गाड्यांचा एक ठरलेला आजार होता, व्हेपर लॉक. इंजिनच्या धगीने पेट्रोलची पंपातच वाफ व्हायची, आणि तो पंप द्रव ढकलायला केलेला. वाफ ढकलता येईना की गाडी मध्येच बंद. यावर उपाय म्हणजे बॉनेट उघडायचं आणि पंपावर ओलं फडकं ठेवायचं. हे फडकं कुठून यायचं? डब्याच्या पिशवीतून. ज्यात पोळ्या गुंडाळलेल्या असायच्या तेच.

रेडिएटर गळायला लागला तर त्यात हळद टाकायची! हे ऐकून नव्या पोरांना थाप वाटते, पण जुन्या ड्रायव्हर मंडळींना विचारा. हळदीचे बारीक कण पाण्याबरोबर फिरत फिरत भोकापाशी जातात, तिथे अडकतात, फुगतात आणि छोटी गळती बुजते. टाकी पाझरली तर कपडे धुवायच्या साबणाची वडी घासायची. हळद जास्त झाली तर रेडिएटरच्या नळ्याच तुंबणार, म्हणून "थोडीशी" टाकायची. थोडीशी म्हणजे किती? "अंदाजाने रे." हेच उत्तर भाजीत हळद किती याचंही आहे.

उलट दिशेनेही वाहतूक चालते. अमेरिकेत १९८९ साली ख्रिस मेनार्ड आणि बिल शेलर या दोघांनी चालत्या गाडीच्या तापलेल्या इंजिनावर फॉइलमध्ये गुंडाळून जेवण कसं शिजवायचं यावर अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे कोणी इंजिनावर वांगं भाजल्याचं मला माहीत नाही, पण कल्पना वाईट नाही :)

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट सुमीत मिक्सरची. साठच्या दशकाची सुरुवात. एस. पी. माथूर हे सीमेन्समध्ये इंजिनिअर. त्यांच्या घरचा ब्राउनचा जर्मन मिक्सर जळाला. त्या मिक्सरचा तरी काय दोष, तो फळांचे रस आणि हलकं घुसळण करणारा. त्याच्यात आपण कोरडे मसाले आणि भिजवलेल्या डाळी घातल्या तर मोटर किती तग धरणार? इथे दुरुस्तीची सोय नाही. माधुरी माथूर यांनी नवऱ्याला सांगितलं, तुम्ही इंजिनिअर ना, मग बनवा असा की जो जळणार नाही. १९६३ साली सुमीत बाजारात आला. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंट तिची, बग रिपोर्ट तिचा, टेस्टिंग तिच्या ओट्यावर. 'मशीन पुरुषांचं, रांधणं बायकांचं' या वाटणीत ही गोष्ट कुठेच बसत नाही.

आणि इथेच मला त्या पायऱ्यांवरच्या गप्पांमधली खोट दिसते. आम्ही ज्यांच्या येसर आमटीवर अर्धा तास तावातावाने बोलतो, त्या बाया तिथे कधीच नसतात. गाडीचं ज्ञान निदान या गप्पांतून पुढे तरी सरकतं. कोणी सांगतं, कोणी खोडतं, कोणी "तसं नाही बे" म्हणून दुरुस्त करतं. स्वयंपाकाचं ज्ञान मात्र आम्ही फक्त खातो आणि त्याची तारीफ करतो. तेवढ्याने ते टिकत नाही.

कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० ला आलं आणि त्यांनी वाटी-चमच्याची मापं दिली. लग्न होऊन परगावी, परदेशी गेलेल्या किती पिढ्यांना त्या पुस्तकाने तारलं! डॉक्युमेंटेशन असावं तर असं. पण येसरसारख्या गोष्टींत मापाच्या पलीकडचा भाग मोठा असतो. धान्य, हरभऱ्याची डाळ, धणे, जिरं, खडा मसाला, सगळं वेगवेगळं भाजून दळायचं. लग्नाच्या पंगतीत आमटीला दाटपणा आणि चव दोन्ही त्यातूनच. डाळ जरा जास्त भाजली की अख्खा डबा कडवट. भाजण्याची मिनिटं लिहिता येतात, पण कढई कोणती आणि आच किती यावर ती बदलतात, आणि शेवटी भरवसा नाकावरच.

गाड्यांचा प्रश्न तसा काळाने सोडवून टाकलाय. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये याच शहरातल्या लोकांनी एकगठ्ठा दीडशे मर्सिडीज घेतल्या, साधारण ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली. त्यातल्या एकीच्याही रेडिएटरमध्ये कोणी हळद टाकली नसेल, आणि टाकूही नये. अँबेसेडर २०१४ ला बंद झाली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला. चेतक २०२० साली परत आली ती बॅटरीवर, तिला ना प्लग ना धूर. नव्या गाडीत काही बिघडलं की लॅपटॉप जोडतात आणि कोड वाचतात. ते काम उत्तमच होतं, रडायचं कारण नाही. निळा धूर ओळखणारं नाक लागेनासं झालं, एवढंच.

स्वयंपाकाला मात्र असा लॅपटॉप जोडता येत नाही. म्हणून त्या चेन सॉवाल्या मित्राने यंदा दिवाळीत एक शहाणपणा केला. आईला येसर पीठ करायला बसवलं आणि स्वतः कढईपाशी उभा राहिला, हातात वजनकाटा आणि वही. ती म्हणाली, "काटा ठेव बाजूला, आधी डाळ हलव." पहिली खेप करपली. दुसरी तिने वासावरून नापास केली, त्याला दोन्ही वासांत फरकच कळेना. तिसरी तिने चिमटीत घेऊन दाताखाली फोडली आणि म्हणाली, "हं, आता उतरव." वहीत त्याने तिथे वेळ लिहिलीय, साडेनऊ मिनिटं, आणि पुढे कंसात, 'आईची लोखंडी कढई, लहान शेगडी'.