काठीची वर्दी, हाताची उक्ती

वैनगंगा आपला दक्षिणेचा ओघ सोडून जेथे काही अंतर उत्तरेकडे वाहते, आणि त्या उत्तरवाहिनीच्या काठी जेथे मार्कंडा हे चामोर्शी तालुक्यातील प्राचीन क्षेत्र आपली कोरीव मंदिरे सांभाळून उभे आहे, तेथपासून वर भंडारा-गोंदियापर्यंतच्या धानाच्या आणि अरण्याच्या मुलखाला झाडीपट्टी हे नाव आहे. मार्कंड्याच्या पाषाणांकडे विद्वानांचे लक्ष पूर्वीच गेले. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम याने १८७३ ते १८७५ या काळातील मध्यप्रांताच्या दौऱ्यांच्या वृत्तांतात या मंदिरसमूहाचे सविस्तर वर्णन करून ठेवले आहे. परंतु महाशिवरात्रीची यात्रा येथे ज्या हंगामात भरते, त्याच हंगामात धानाची मळणी आटोपलेल्या गावागावांतून रात्रभर जी नाटके होतात, त्यांच्या रंगमंचासमोर बसलेल्या वादकांकडे, आणि विशेषतः तबला-ढोलकीच्या शेजारी येऊन बसलेल्या विलायती ड्रमकडे, इतिहासकाराने तितक्याच आस्थेने पाहिले आहे असे म्हणवत नाही. वस्तुतः हाताने वाजवायचे चर्मवाद्य आणि काठीने व पायाने वाजवायचा आटोपशीर ड्रमसंच एका बैठकीत कसे नांदू लागले, याची हकीकत ही या मुलखाच्या अर्थकारणाची, करमणुकीची आणि श्रवणाच्या संस्काराची हकीकत आहे.

ड्रम येण्यापूर्वीही काठी आणि हात यांची वाटणी या प्रदेशाला अपरिचित नव्हती. देवळातला नगारा, मिरवणुकीतला ताशा, लग्नातले डफडे आणि मालगुजारीच्या काळात सरकारी हुकूम रयतेच्या कानावर घालताना कोतवालाने पिटलेली दवंडी, या सर्वांचा प्राण काठीच्या आघातात आहे; कारण त्यांचे काम दुरून ऐकू जाण्याचे, लोकांना गोळा करण्याचे, काही घडले आहे किंवा घडणार आहे याची वर्दी देण्याचे. याच्या उलट ढोलकी ही बोटांनी आणि तळव्याने बोलणारी. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, निमित्ताने गावचेच लोक गावातच जी दंडार उभी करीत, जिच्यात पुरुषच स्त्रीवेष घेत आणि संवाद पुष्कळदा जागच्या जागी रचले जात, तिला ढोलकी आणि टाळ यांची साथ असे. आणि ढोलकीवाल्याला पात्राच्या बोलण्यातील खोच ओळखून थाप द्यावी लागे, गाणाऱ्याचा श्वास संपत आला की ठेका आवरता घ्यावा लागे, प्रेक्षकांतून हशा उठला की तो ओसरेपर्यंत लय खेळवत ठेवावी लागे. म्हणजे काठीचे वाद्य समुदायाला उद्देशून बोलत होते आणि हाताचे वाद्य एकेका शब्दाला उत्तर देत होते. ही वाटणी कोणी शास्त्र म्हणून सांगितलेली नव्हती. ती प्रयोजनातून आपोआप झालेली होती, आणि म्हणूनच ती टिकाऊ ठरली.

या दंडारीच्या भूमीवर पुढे संगीत नाटकाचा संस्कार झाला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून ज्या परंपरेचा प्रारंभ केला, तिने तबल्याला नाटकाच्या साथीत मानाचे स्थान दिले. गंधर्व नाटक मंडळीत तर अहमदजान थिरकवा यांच्यासारखा थोर तबलावादक साथीला होता. शहरात हे वैभव पुढे बोलपटाच्या आगमनानंतर ओसरले, परंतु झाडीपट्टीने नाटक सोडले नाही. वडसा म्हणजेच देसाईगंज हे नाट्यमंडळ्यांचे ठाणे बनले; गावोगावची मंडळे तेथे येऊन बयाणा देऊन नाटक ठरवू लागली; दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक हा क्रम रूढ झाला; आणि ऑर्गन, तबला व ढोलकी ही प्रत्यक्ष साथ, प्रॉम्प्टरच्या आवाजाप्रमाणेच, प्रयोगाचे अविभाज्य अंग होऊन राहिली. या रंगभूमीवर आयुष्य घालविणारे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राला या मुलखाच्या नाट्यवेडाची पुन्हा एकदा दखल घ्यावी लागली.

आता ड्रमसंचाकडे वळू. कारण त्याची जन्मकथा झाडीपट्टीच्या नाट्यव्यवसायाशी विलक्षण जुळते. लष्करी वाद्यवृंदात मोठा ढोल एकाकडे, लहान ढोल दुसऱ्याकडे आणि झांजा तिसऱ्याकडे अशी विभागणी असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील नाट्यगृहांत आणि नृत्यगृहांत वादकांना बसायला जागा थोडी आणि मालकांची वेतन देण्याची तयारी त्याहून थोडी, अशा अवस्थेत या तीन माणसांचे काम एकाच माणसाने करावे अशी गरज उत्पन्न झाली. प्रथम एकच वादक काठीने आलटून पालटून दोन्ही ढोल वाजवू लागला. पुढे १९०९ साली शिकागोच्या लुडविग बंधूंनी मोठ्या ढोलासाठी पायाने चालणारे जलद पेडल बाजारात आणले. आणि १९२० च्या दशकात पायानेच मिटणाऱ्या-उघडणाऱ्या झांजांची जोडी त्यात येऊन मिळाली. अशा रीतीने ज्याला आज आपण ड्रमसेट म्हणतो तो मुळात मजुरीच्या बचतीतून आणि अडचणीच्या जागेतून सिद्ध झालेला संच होय. मंडपाच्या अपुऱ्या जागेत, मोजक्या बिदागीत, रात्री एका गावाहून दुसऱ्या गावाला निघणाऱ्या मंडळीला अशा संचाचे आकर्षण वाटावे यात नवल नाही.

हे वाद्य या बाजूला येण्याच्या दोन वाटा दिसतात. पहिली छावणीची. नागपूरशेजारच्या कामठी येथे १८२१ साली इंग्रजांची लष्करी छावणी वसली, आणि अशा छावण्यांतून जो पितळी बँड सर्व हिंदुस्थानात नागरी जीवनात उतरला, त्याने लग्नाच्या वरातीला बाजूचा ढोल आणि मोठा ढोल यांची सवय लावली. काठीचा विलायती आघात ऐकण्यास कान अगोदरच तयार झाला होता. दुसरी वाट मुंबईच्या चित्रपटसंगीताची, आणि तीच अधिक परिणामकारक ठरली. हॉटेलांतल्या जॅझ वाद्यवृंदांत तयार झालेले गोमंतकीय आणि पारशी वादक ध्वनिमुद्रणगृहांत गेले, कावस लॉर्ड यांनी बोंगो-कोंगो यांसारखी हाताची परदेशी वाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रुजविली, सी. रामचंद्र यांच्यासारख्या मराठी संगीतकाराने १९५१ च्या ‘अलबेला’त विलायती नृत्यलय आणि देशी चाल यांचा मेळ घालून दाखविला, दत्ताराम वाडकरांचा ढोलकाचा ठेका त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला, आणि राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात मारुतीराव कीर यांच्या हाताची तालवाद्ये ड्रमसंचाच्या बरोबरीने वाजली. ही गाणी ऐकून मोठा झालेला झाडीपट्टीचा प्रेक्षक जेव्हा नाटकातही त्याच धर्तीची नृत्यगीते मागू लागला, तेव्हा एकट्या तबल्याने ती मागणी पुरी होणे शक्य नव्हते.

येथे खरा प्रश्न उभा राहतो तो असा की, अधिक दणदणीत वाद्य आल्यावर नाजूक वाद्य हद्दपार का झाले नाही. याचे पहिले कारण स्वराचे. तबल्याची शाई आणि पुडी यांच्या योगे त्यातून निश्चित स्वर निघतो. गायक काळी दोनमध्ये गाणार की पांढरी चारमध्ये, हे पाहून हातोडीने तबला त्याच्या षड्जाला मिळविता येतो. आणि डग्ग्यावर मनगटाचा दाब कमी-अधिक करून स्वराला घसीट देता येते, जी शब्दाच्या हेलकाव्याला अगदी बिलगून जाते. ड्रमच्या कातड्यालाही ताण देता येतो हे खरे, परंतु गायनाच्या स्वरात मिसळून जाण्याचे हे सामर्थ्य त्याच्या ठिकाणी नाही. दुसरे कारण अधिक सूक्ष्म असून ते तालाच्या घडणीत आहे. आठ मात्रांच्या केरव्यात पाचव्या मात्रेवर खाली येते, आणि खाली म्हणजे डग्ग्याच्या घुमाऱ्याचा हेतुपुरस्सर अभाव. भरीच्या अर्धुकानंतर येणाऱ्या या रितेपणामुळेच ठेक्याला डौल प्राप्त होतो. विलायती चौपट लयीत मात्र मोठ्या ढोलाचा आघात अगदी त्याच ठिकाणी पुन्हा पडण्याचा संभव असतो, आणि तो तसा पडला की खाली भरून जाते, केरव्याचा केरवा राहत नाही. म्हणून दोन्ही वाद्ये एकत्र वाजवताना जाणता ड्रमवादक पायाचा आघात समेपाशी राखतो, खालीची जागा मोकळी सोडतो, आणि झांजेवर केवळ लयीची बारीक वीण चालू ठेवतो. ज्याला हे साधले नाही त्याच्या संगतीत तबलजी निरुपाय होऊन नुसता जोरात वाजवू लागतो, आणि मग गाणे कोणाचेच राहत नाही.

प्रसंगांची वाटणीही याच तत्त्वावर झालेली दिसते. खलनायकाचा प्रवेश, हाणामारी, विजेचा कडकडाट, पडदा वर जाण्यापूर्वीचा गजर, नृत्याचा झपाटा, ही सर्व ड्रमची कामे. नाट्यपद, लावणी, विनोदी पात्राच्या बोलण्यावरची अचूक थाप आणि करुण प्रसंगातील मंद ठेका ही हाताच्या वाद्यांची. नगारा आणि दवंडी यांचे जे वर्दीचे कार्य, ते विलायती काठीने आपल्याकडे घेतले; दंडारीच्या ढोलकीचे जे प्रत्युत्तराचे कार्य, ते हाताकडेच राहिले. नवे वाद्य जुन्या व्यवस्थेत रिकाम्या असलेल्या जागी येऊन बसले, आणि म्हणूनच त्याला विरोध झाला नाही.

या दोन पद्धती एकाच देहात सामावून घेण्याचा प्रयोगही एका मुंबईकराने केला आहे. बेळगावात जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू यांनी तबल्याच्या बैठकीचा संस्कार न सोडता जमिनीलगत मांडलेला छोटेखानी ड्रमसंच सिद्ध केला, आणि त्याच मांडणीत तबला ठेवून ‘ओरेगॉन’ हा जॅझ समूह व गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्यासमवेत जगभर वादन केले. १९८८ च्या ‘उसफ्रेट’ या ध्वनिमुद्रिकेत तर मातेचा कंठ आणि पुत्राचा ताल एकत्र आले. त्यांनी जमिनीवरची बैठक सोडली नाही ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. लुडविग बंधूंच्या पेडलाने ड्रमवादकाला खुर्चीवर बसविले होते. गुर्टूंनी त्याला पुन्हा जमिनीवर आणताच काठी आणि तळवा एका उंचीवर, एका आवाक्यात आले.

झाडीपट्टीत मात्र बचतीचे चक्र ड्रमसंचावर थांबले नाही. १९८५ साली रोलँड या जपानी कारखान्याने आठ गाद्यांचे विद्युत वाद्य बाजारात आणले, आणि तेच ऑक्टोपॅड या नावाने आपल्या वाद्यवृंदांत, वरातींत आणि नाटकांत शिरले. तीन माणसांचे काम एका ड्रमसंचाने केले होते. तो संपूर्ण संच आता काखेत मारून नेता येण्याजोगा झाला. यातील धोका आवाजाच्या कृत्रिमपणाचा कमी, आणि हिशेबाचा अधिक आहे. ड्रम कितीही गाजला तरी त्याला ढोलकीचा आवाज काढता येत नव्हता, आणि या असमर्थतेतच ढोलकीवाल्याच्या रोजगाराची हमी होती. ऑक्टोपॅडच्या गादीत मात्र ढोलकीची थापही साठवून ठेवता येते, आणि मग दोन बिदाग्या कशाला, असा प्रश्न मंडळीच्या मालकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याला उत्तर भावनेने देऊन भागणार नाही. साठवलेली थाप प्रत्येक वेळी तीच असते. ती नटाच्या थांबण्याची वाट पाहत नाही, हशा ओसरेपर्यंत खेळत राहत नाही, आणि स्वर चढवला तर मनगटाने सावरून घेत नाही. जोवर झाडीपट्टीचे नाटक प्रेक्षकांच्या प्रतिसादावर रात्रभर वाढणारे, आक्रसणारे आणि वळणे घेणारे राहील, तोवर त्याला उत्तर देणारा हात लागेल. ते ज्या दिवशी ठराविक लांबीचे आणि ठराविक हशांचे होईल, त्या दिवशी ढोलकीवाल्याची बिदागी वाचवणारा मालक हिशेबाच्या दृष्टीने बरोबरच ठरेल, आणि तेव्हा दोष यंत्राचा नव्हे, नाटकाचा असेल.